वर्गमित्रांवर गुप्त ‘सामाजिक प्रयोग’ : काय चालतं, काय चालत नाही?

वसतिगृहाच्या दारात रात्री गुपचूप लिंबू-कुंकू ठेवायचं आणि सकाळी कोण घाबरतं ते मोबाइलवर टिपायचं. वर्गात पन्नासची नोट पाडून ठेवायची आणि कोण उचलतं ते पाहायचं. खोट्या नावाने इन्स्टाग्राम खातं उघडून मित्रांशी गप्पा मारायच्या आणि कोण फसतं याची नोंद ठेवायची. अशा उद्योगांना विद्यार्थी हल्ली ‘सोशल एक्सपेरिमेंट’ म्हणतात. कधी तो कॉलेजचा प्रकल्प असतो, कधी स्पर्धेसाठीचं संशोधन, तर कधी नुसता रीलचा विषय.

राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्षेत्र प्रकल्प आणि समाजाभिमुख उपक्रम आले आहेत. विद्यापीठांमधली ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा २००६ पासून सुरू आहे. म्हणजे माणसांचा अभ्यास आता फक्त प्राध्यापक करत नाहीत, अठरा-वीस वर्षांची मुलंही करतात. हा बदल चांगलाच आहे. पण ज्याच्यावर प्रयोग होतो तो शेजारच्या बाकावरचा मित्र असेल आणि त्याला काहीच माहीत नसेल, तर काही प्रश्न आधी विचारावे लागतात. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाडसारख्या ग्रामीण तालुक्यांत तर ते जास्तच टोकदार होतात. कारण तिथे प्रयोग संपला तरी प्रयोग करणारा आणि ज्याच्यावर प्रयोग झाला तो, दोघांची एसटी एकच असते.

गुप्त प्रयोग म्हणजे नेमकं काय?

यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. त्या सुट्या करून पाहिल्या तर गोंधळ कमी होतो.

पहिली, गुप्त निरीक्षण. आसनगाव स्टेशनच्या पुलावर किती जण डाव्या बाजूने चालतात हे मोजणं. इथे कोणाला फसवलेलं नसतं, कोणाचं नाव लिहिलेलं नसतं आणि जे दिसतं ते सगळ्यांनाच दिसत असतं.

दुसरी, दिशाभूल. समोरच्याला खोटी माहिती द्यायची किंवा खोटा प्रसंग उभा करायचा आणि त्याची प्रतिक्रिया नोंदवायची. नोट पाडणं, चक्कर आल्याचं नाटक, ‘परीक्षा पुढे ढकलली’ अशी अफवा हे सगळं यात येतं.

तिसरी, चित्रीकरण आणि प्रसार. प्रसंग उभा करायचा, लपून व्हिडिओ घ्यायचा आणि तो पसरवायचा. याला प्रयोग हे नाव दिलं तरी यात मोजमाप नसतं, तुलना नसते आणि निष्कर्षही नसतो. हा संशोधनाचा प्रकारच नाही, थट्टेचा आहे.

नैतिकतेची खरी चर्चा दुसऱ्या प्रकाराभोवती आहे.

लपवावं का लागतं?

लपवण्यामागे एक प्रामाणिक कारण असू शकतं. ‘तुम्ही भेदभाव करता का?’ असं विचारलं तर जवळपास प्रत्येक जण ‘नाही’ म्हणतो. म्हणून संशोधकांनी वेगळी वाट शोधली.

अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांचा २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये आलेला अभ्यास याचं उत्तम उदाहरण आहे. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी साडेचार हजारांहून अधिक अर्ज पाठवले. शिक्षण आणि पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. काही नावं उच्चवर्णीय हिंदू वाटणारी, काही दलित, काही मुस्लिम. दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाची एक-तृतीयांश.

हा प्रयोग गुप्त होता. कंपन्यांची परवानगी घेतली नव्हती, अर्जदार खोटे होते. तरीही तो बहुतेकांना रास्त वाटतो. का? त्याची कारणं मोजता येतात. विषय गंभीर होता. दुसऱ्या कोणत्याही मार्गाने उत्तर मिळत नव्हतं. ज्यांची दिशाभूल झाली त्या नोकरी देणाऱ्या कंपन्या होत्या, म्हणजे ताकद त्यांच्या हातात होती. त्यांचं नुकसान झालं ते एक अर्ज वाचण्यापुरतं. आणि निष्कर्ष एकूण आकड्यांतून निघाला, एखाद्या माणसाकडे बोट दाखवून नव्हे.

आता हेच निकष वर्गातल्या नोटेच्या प्रयोगाला लावून पाहा. नोट उचलणारा मुलगा ती सरांकडे द्यायला निघाला होता की खिशात घालणार होता, हे व्हिडिओत दिसत नाही. दिसतो तो फक्त वाकलेला मुलगा. तो सुखवस्तू घरातला असेल तर गंमत म्हणून विषय संपतो. वीटभट्टीवर राबणाऱ्या आई-बापाचं पोर असेल, तर ‘चोर’ हा शब्द त्याला दहावीपर्यंत चिकटतो. प्रयोग तोच, पण किंमत मोजणारा वेगळा.

लहान गावात नाव लपत नाही

संशोधनात एक नेहमीचा तोडगा सांगितला जातो : नाव बदला, ओळख लपवा. मोठ्या शहरात तो बऱ्यापैकी चालतो. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर चालत नाही. ‘नववीतला एक कातकरी मुलगा, दिवाळीनंतर शाळेत येत नाही’ असं लिहिलं की वर्गातल्या सगळ्यांना कळतं तो कोण. ‘वसतिगृहातली एक मुलगी, वडील एसटीत वाहक’ एवढं पुरेसं होतं. कातकरी, ठाकर, महादेव कोळी, वारली अशा समाजांतली अनेक मुलं या भागातल्या आश्रमशाळांत राहून शिकतात. ती एकाच छताखाली जेवतात, झोपतात आणि सुट्टीतच घरी जातात. तिथे बदनामी झाली तर संध्याकाळी घरी निघून जाण्याचीही सोय नसते.

नाव लपवणं किती कठीण असतं, याचा धडा मोठ्या विद्यापीठांनाही मिळाला आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एका विद्यापीठाच्या एकाच तुकडीतल्या सुमारे १,७०० विद्यार्थ्यांची फेसबुकवरची माहिती, नावं काढून, इतर अभ्यासकांसाठी खुली केली. ही माहिती गोळा करायला त्याच विद्यापीठाच्या फेसबुक वर्तुळातले विद्यार्थी साहाय्यक वापरले होते. म्हणजे बाहेरच्याला दिसणार नाही असा मजकूरही त्यांना दिसत होता. ज्यांची माहिती घेतली त्या विद्यार्थ्यांना विचारलं नव्हतं. विद्यापीठाचं नाव गुप्त ठेवलं होतं, पण काही दिवसांतच ते हार्वर्ड असल्याचं उघड झालं. तिथले खास अभ्यासक्रम आणि एखाददुसराच विद्यार्थी असलेले देश यांची यादी सोबतच्या कागदपत्रांत होती. अखेर ती माहिती मागे घ्यावी लागली. मायकेल झिमर या अभ्यासकाने नंतर या प्रकरणावर सविस्तर लिहिलं. त्यातला मुद्दा साधा होता : मित्राने मित्र म्हणून पाहिलेली गोष्ट संशोधनाची सामग्री होत नाही.

१,७०० जणांत ओळख लपली नाही, तर चाळीसच्या वर्गात कशी लपेल?

आडनावाचा प्रश्न याहून नाजूक आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात सांगितली नव्हती तेव्हा खालच्या मानल्या जाणाऱ्या जातींतली मुलं इतरांच्या जवळपास बरोबरीने होती. सगळ्यांसमोर नाव, गाव, जात वाचून दाखवल्यावर त्यांची कामगिरी लक्षणीय घटली. कोणी हिणवलं नव्हतं, फक्त वाचून दाखवलं होतं. या अभ्यासातून जे कळलं ते मोलाचं आहे. पण वर्गमित्रांनी हौस म्हणून असा प्रयोग करायचा ठरवला तर काय होईल, हेही त्यातूनच कळतं.

लिंबू-कुंकवाचं उदाहरण

वर सांगितलेला लिंबाचा प्रयोग वरवर निरुपद्रवी वाटतो. हेतूही चांगला असतो : अंधश्रद्धा किती आहे ते दाखवायचं. पण तो कुठे करतो आहोत हे विसरून चालत नाही. मार्च २०२४ मध्ये मुरबाड तालुक्यातल्याच एका गावात करणी करत असल्याच्या संशयावरून एका वृद्धाला निखाऱ्यांवर नाचायला लावल्याचा प्रकार घडला. त्याचा व्हिडिओ पसरला आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. संशय माणसाला कुठे नेऊ शकतो, हे या भागाने पाहिलं आहे.

आता वसतिगृहात लिंबू सापडलं, एखादी मुलगी घाबरून आजारी पडली आणि ‘हे कोणी केलं?’ याचा शोध सुरू झाला असं समजा. प्रयोग करणारी मुलं शिक्षेच्या भीतीने गप्प बसली, तर बोट कोणाकडे जाईल? बहुधा जिच्या आजीबद्दल गावात आधीच कुजबुज आहे, तिच्याकडे. खुलासा दोन दिवसांनी झाला तरी पाड्यावर पोहोचलेली गोष्ट परत येत नाही.

याच विषयावर दुसरी पद्धतही महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळांमधून ‘चमत्कार’ करून दाखवतात. पेटता कापूर जिभेवर ठेवतात आणि त्यामागचं कारण तिथेच समजावून सांगतात. क्षणभर प्रेक्षकांची दिशाभूल होते, पण ती सगळ्यांची एकत्र होते, कार्यक्रम आहे हे माहीत असतं आणि उलगडा त्याच तासात होतो. घरी जाताना कोणी भीती घेऊन जात नाही. दिशाभूल करावीच लागली तर ती कशी असावी, याचा हा चांगला नमुना आहे.

परवानगी कोणाची?

‘आम्ही सरांना विचारलं होतं’ हे विद्यार्थ्यांचं नेहमीचं उत्तर. ते आवश्यक आहे, पण पुरेसं नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आरोग्याशी संबंधित संशोधनासाठी आहेत. त्याआधी २००० मध्ये मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक तत्त्वं प्रसिद्ध केली होती. कॉलेजचा प्रत्येक प्रकल्प त्यांच्या कक्षेत येतो असं नाही, पण त्यातला विचार सगळीकडे लागू पडतो. १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते, शिवाय मुलाची स्वतःची मान्यताही लागते. साधारण ७ ते १२ वयात ती तोंडी असते आणि त्यापुढे लेखी. ‘हो’ म्हटल्यावर मधेच ‘नको’ म्हणता आलं पाहिजे आणि त्यासाठी शिक्षा होता कामा नये. दिशाभूल अपरिहार्य असेल तर नैतिकता समितीची आधी मंजुरी, नंतर सहभागींना पूर्ण खुलासा, आणि तो ऐकून माहिती मागे घेण्याची मुभा.

शाळेत या संमतीचा अर्थ आणखी जपावा लागतो, कारण शिक्षकांसमोर मूल ‘नाही’ म्हणू शकत नाही. जुलै २०२५ मध्ये शहापूरमधल्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसल्यावर मासिक पाळी कोणाला आली आहे हे शोधण्यासाठी मुलींना कपडे उतरवायला लावल्याची तक्रार झाली. मुख्याध्यापिकेसह कर्मचाऱ्याला अटक झाली आणि पोक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. तो प्रयोग नव्हता, पण त्याच्या मुळाशी असलेली समजूत ओळखीची आहे : ‘खरं काय ते शोधायचं आहे, मग विचारायचं कशाला?’ शोध घेणाऱ्याकडे अधिकार आहे म्हणून शोधाची पद्धत योग्य ठरत नाही.

प्रयोग करणाराही अडकतो

हानी फक्त समोरच्याचीच होते असं नाही. १९७१ च्या ऑगस्टमध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात फिलिप झिम्बार्डो यांनी कॉलेजच्या मुलांना कैदी आणि पहारेकरी बनवून एक कृत्रिम तुरुंग उभारला. दोन आठवड्यांचा बेत सहाव्या दिवशी गुंडाळावा लागला. झिम्बार्डो स्वतःच तुरुंगाधिकाऱ्याच्या भूमिकेत होते आणि छळ होतो आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. बाहेरून आलेल्या क्रिस्टिना मॅस्लॅक या तरुण संशोधिकेने हरकत घेतली तेव्हा डोळे उघडले. त्या प्रयोगाच्या शास्त्रीय दर्जावर पुढे बरीच टीका झाली, पण हा एक धडा टिकून आहे.

त्याआधी १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो इथे रॉन जोन्स या इतिहासाच्या शिक्षकाने हुकूमशाही कशी रुजते हे दाखवायला वर्गात शिस्तीची एक खोटी चळवळ सुरू केली. काही दिवसांतच मुलं एकमेकांच्या चहाड्या सांगू लागली आणि आठवडा संपायच्या आत त्याला ती थांबवावी लागली.

अनुभवी माणसांचं असं होत असेल, तर सतरा वर्षांच्या मुलांना ‘कुठे थांबायचं’ हे आपोआप कळेल असं धरून चालता येत नाही. म्हणून थांबवण्याचा अधिकार प्रयोगात सामील नसलेल्या एका व्यक्तीकडे आधीच द्यावा लागतो.

कायदा काय म्हणतो?

‘गंमत होती’ किंवा ‘प्रकल्प होता’ हा कायद्यापुढे बचाव ठरेलच असं नाही.

- महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा, १९९९ नुसार विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा, भीती, लाज वा संकोच वाटेल असं वर्तन रॅगिंगमध्ये येतं. चिडवणं आणि चेष्टेचे प्रकार करणंही त्यात आहे. वसतिगृहही कायद्याच्या कक्षेत येतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्याला पाच वर्षं दुसऱ्या संस्थेत प्रवेश मिळत नाही.
- दुसऱ्याचा फोटो किंवा ओळख वापरून बनावट खातं उघडणं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं.
- स्त्रीच्या खासगी क्षणांचं चोरून चित्रीकरण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे.
- वैयक्तिक डिजिटल माहितीविषयीच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे.
- सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तो विद्यार्थ्यांनाही आहे.

मग विद्यार्थ्यांनी काय करावं?

लपवाछपवी टाळूनही चांगलं संशोधन होतं. काही पद्धती शाळेतही सहज करता येतात.

*दोन कागदांची पद्धत.* एकच निबंध, पण अर्ध्या कागदांवर एक आडनाव आणि अर्ध्यांवर दुसरं. किंवा एका कागदावर शहरातला पत्ता आणि दुसऱ्यावर पाड्याचा. वर्गाला आधी सांगायचं की हा अभ्यास आहे, काही तपशील शेवटी उघड करू, सहभाग ऐच्छिक आहे. गुण देणाऱ्याने स्वतःचं नाव लिहायचं नाही. त्याच तासात उलगडा करायचा. थोरात-अॅटवेल यांच्या अभ्यासाचाच हा छोटा अवतार, पण यात कोणी एकटं पडत नाही. निबंध मात्र वर्गातल्या कोणाचा नसावा आणि आडनावंही वर्गात नसलेली घ्यावीत.

*नाण्याची पद्धत.* स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर ही आधारलेली आहे. ‘परीक्षेत कॉपी केली आहे का?’ असा प्रश्न असेल तर प्रत्येकाने लपवून नाणं उडवायचं. छापा पडला तर खरं काहीही असो, ‘हो’ लिहायचं. काटा पडला तर खरं उत्तर. समजा ६० जणांपैकी ४० ‘हो’ आले. सुमारे ३० ‘हो’ छाप्यामुळे. उरलेले १० हे काटा पडलेल्या सुमारे ३० जणांमधले. म्हणजे अंदाजे एक-तृतीयांश. संख्या लहान असल्याने हा ढोबळ अंदाजच असतो, पण वर्गाचं चित्र मिळतं आणि एकाही मुलाचं गुपित फुटत नाही.

*व्यवस्थेचा अभ्यास.* वर्गमित्रापेक्षा व्यवस्थेकडे पाहिलं तर विषय जास्त मिळतात. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातल्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागतात. टँकर किती दिवसांनी येतो, एसटी किती उशिरा येते, त्यामुळे पहिला तास किती जणांचा बुडतो, याची महिनाभराची नोंद कोणालाही न फसवता ठेवता येते.

एवढं करूनही एखाद्या प्रयोगात काही लपवणं भागच असेल, तर सुरू करण्यापूर्वी ही पाच उत्तरं लेखी द्यावीत :

१. हे उघडपणे विचारून कळणार नाही का?
२. ज्याच्यावर प्रयोग होतो आहे तो आपल्यापेक्षा दुबळ्या स्थितीत आहे का?
३. निष्कर्ष वाचून वर्गातल्या कोणालाही तो कोण ते ओळखता येईल का?
४. खुलासा कधी, कोण आणि कुठे करणार? त्यानंतर तो ‘माझी माहिती काढा’ म्हणाला तर काढणार का?
५. प्रयोग मधेच थांबवण्याचा अधिकार बाहेरच्या कोणाकडे आहे?

पहिल्याचं उत्तर ‘कळेल’ असेल, दुसऱ्या किंवा तिसऱ्याचं ‘हो’ असेल, किंवा शेवटच्या दोहोंना उत्तरच नसेल, तर तो प्रयोग करू नये. मोबाइलचं चित्रीकरण मात्र कोणत्याही परिस्थितीत लपून नको. नोंदवहीतली खूण खोडता येते, पसरलेला व्हिडिओ नाही.

आणि झालंच असेल तर?

प्रयोग होऊन गेला असेल, तर तो दडपण्यापेक्षा लवकर सांगणं कमी नुकसानीचं असतं. ज्याच्यावर झाला त्याला आधी, एकट्याला, शिक्षकांच्या उपस्थितीत सांगावं. वर्गासमोर नव्हे. व्हिडिओ त्याच्या देखत काढून टाकावा. अफवा पसरली असेल तर ती खोटी होती हे प्रयोग करणाऱ्यांनीच वर्गात सांगावं, कारण ते शिक्षकांनी सांगितल्याने मिटत नाही. मूल घाबरलेलं असेल, जेवत-झोपत नसेल तर पालकांना कळवावं. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक विनाशुल्क आहे.

मोठ्या विद्यापीठातला संशोधक आपलं काम आटोपून निघून जातो. शहापूर किंवा मुरबाडमधला विद्यार्थी-संशोधक कुठे जात नाही. त्याने ज्याला फसवलं त्याच्याच शेजारी त्याला उद्या डबा उघडायचा असतो, त्याच्याकडूनच चुकलेल्या तासाची वही मागायची असते. त्याच्या प्रकल्पाला गुण मिळतील ते एका सत्राचे. मित्राचा विश्वास गेला तर तो पुढच्या सत्रात परत मिळेल याची खात्री नसते.